शनिवार-रविवार दोनच, मागणारे चौघे

‘नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. आम्ही व्हर्जिनियात, नॉरफोकजवळ राहतो. सात वर्षांपूर्वी तो अमेरिकन नौदलाच्या रिझर्व्हमध्ये अधिकारी म्हणून लागला. महिन्यातला एक वीकेंड तिकडे जातो. उरलेले वीकेंड मराठी मंडळ, शाळेतली रोबोटिक्सची टीम आणि बेघरांसाठी जेवण करणारं एक केंद्र वाटून घेतात. मी फार्मसिस्ट आहे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. आता त्याला वर्षभराच्या कामावर जाण्याची संधी आली आहे. म्हणतो, “तू हो म्हणालीस तरच नाव देतो.” नाही म्हटलं तर मी त्याच्या सेवेच्या आड आले, हो म्हटलं तर वर्षभर एकटी. सासूबाई साताऱ्याहून विचारतात, “दुसऱ्यांच्या सैन्यात कशाला?” बाकी सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. हल्ली त्या कौतुकाचाच राग येतो. मी कोत्या मनाची आहे का?’
– एक वाचक, व्हर्जिनिया

ताई,

तुम्ही कोत्या मनाच्या नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तेच डोक्यात घोळत राहणार नाही.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे जागेपुरतं कापून घेतलंय. ते पुन्हा वाचताना एक गंमत दिसली. नौदलाबद्दल तुम्ही जेमतेम एक परिच्छेद लिहिलाय आणि त्यात राग औषधालासुद्धा नाही. ‘रविवारी संध्याकाळी येतो, दारातच बूट सोडतो आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवतो,’ असं एक वाक्य त्यात आहे. नौदलावर रागावलेली बायको असं लिहीत नाही. बाकीचं पत्र मात्र इतरांनी व्यापलंय. मुलीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला तो मध्यंतरानंतर पोचला, तेव्हा तो ड्रिलवर, म्हणजे नौदलाच्या सरावाला, गेला नव्हता, मंडळाचं मखर आणि स्पीकर भाड्याच्या गोदामात टाकायला गेला होता. धाकट्याला ताप चढला त्या रात्री तो मंडळाच्या हिशेबाच्या झूमवर होता. तुमच्या वाढदिवसाला केंद्रातला स्वयंपाकी आला नाही, म्हणून परक्या माणसांची डाळ ढवळत होता. प्रश्न तुम्ही नौदलाचा विचारलाय, दुखतंय भलतीकडे.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते, कारण रिझर्व्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिझर्व्ह बँक येते. आपल्याकडे १९४९ पासून टेरिटोरियल आर्मी आहे. नोकरीधंदा सांभाळून वर्षातले काही दिवस गणवेश चढवणारी माणसं त्यात असतात. धोनीला २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल केलं ते याच सेनेत. अमेरिकन नौदलाचं राखीव दल साधारण त्याच जातीचं, ३ मार्च १९१५ ला सुरू झालेलं. केनेडी, जॉन्सन, निक्सन, फोर्ड आणि थोरले बुश हे पाचही राष्ट्राध्यक्ष आयुष्यात कधी ना कधी त्यात होते. महिन्याला एक वीकेंड आणि वर्षाला सलग साधारण दोन आठवडे, असा मामला. एका वीकेंडला चार ड्रिल धरतात आणि दर ड्रिलला एका दिवसाचं मूळ वेतन, म्हणजे दोन दिवस जाऊन चार दिवसांचे पैसे. हजेरीचे गुण मिळतात. वर्षाला किमान ५० गुण झाले तर ते वर्ष पेन्शनसाठी धरतात, आणि अशी २० वर्षं भरली की साधारणपणे साठीला पेन्शन सुरू होते. तुमच्या नवऱ्याची सात झाली. उरलेल्या तेरांबद्दल पत्रात अवाक्षर नाही. इंजिनिअर माणसाने हे गणित अजून मांडलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, तेव्हा ते आधी त्याच्याकडून काढून घ्या. वर्षभराच्या कामाला हो म्हणणं वेगळं आणि तेरा वर्षांना हो म्हणणं वेगळं. त्याने ‘हो’ कशाला मागितलाय हे तुम्हाला कळायला हवं.

तुमच्या दृष्टीने कामाची गोष्ट अशी की या सगळ्याला हद्द आहे. ड्रिलच्या तारखा वर्षभराच्या एकदम ठरतात. तिकडचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरात पुढच्या वर्षाचे वीकेंड हातात असतात. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यावर त्या तारखा लाल पेनने त्यालाच भरू द्या. (तिथी भारतातल्या वेळेप्रमाणे असतात, पण ते राहू द्या.) लक्ष्मीपूजन किंवा मुलीचा कार्यक्रम ड्रिलवर येत असेल, तर आधी अर्ज करून, वरिष्ठांच्या परवानगीने ते ड्रिल पुढेमागे करता येतं. सात वर्षांत असा अर्ज त्याने कधी केलाय का, हे सहज विचारा. मला वाटतं केला नसेल. ‘नौदल आहे, तिथे असं चालत नाही,’ असं घरी सांगायला सोपं पडतं, आणि आपणही सैन्य म्हटलं की पुढे विचारत नाही.

ते दोन आठवड्यांचं प्रशिक्षणही ३० सप्टेंबरच्या आत उरकायचं असतं. ढकलत ढकलत लोक ते ऑगस्ट-सप्टेंबरवर आणून ठेवतात. तुमच्याकडे तेव्हाच गणपती, तेव्हाच शाळा सुरू होते, आणि चक्रीवादळांचा जून ते नोव्हेंबरचा हंगाम तेव्हाच भरात असतो. ते मार्च-एप्रिलमध्ये करून टाकायला सांगा. यात त्याग-बिग काही नाही, एक ईमेल लागते.

आता मंडळ. मंडळांशी माझा संबंध जुना आहे, त्यामुळे जरा तिखट लिहिते. मंडळात एकदा ज्याने स्पीकरची वायर जोडली, तो कायमचा साउंडवाला. ज्याने एकदा एक्सेल उघडलं तो खजिनदार. आणि इंजिनिअर असेल तर मग विचारूच नका. मखराला दिवे लावणं, हॉलच्या फ्यूजवर किती भार चालेल ते बघणं, पाचशे ताटांसाठी किती टेबलं लागतील याचा हिशेब, सगळं त्याच्याच गळ्यात. तोही नको म्हणत नाही, कारण बिघडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात. नौदल निदान कागदावर लिहून देतं की इतके दिवस आमचे, उरलेले तुमचे. मंडळातून ‘आता पुरे, घरी जा,’ असं कुणीही कधी सांगत नाही. ते केंद्र आणि ती रोबोटिक्सची टीमही सांगणार नाही. त्यांचं चुकतं असंही नाही, त्यांना माणूस हवाच असतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या नवऱ्याला आवडायची नाही. तिथे टाळ्या लगेच मिळतात. हॉलमध्ये दिवे लागले की चाळीस माणसं ‘वा!’ म्हणतात. घरी डिशवॉशर रिकामा केला तर कुणी काही म्हणत नाही. माणूस चांगला असला तरी टाळ्यांकडे ओढला जातोच. तुमचा नवरा चांगला आहे हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं, म्हणून तर हे सांगायला मला धीर होतोय. लोक ‘नशीबवान आहेस’ म्हणतात तेव्हा तुम्हाला राग येतो, तोही याच कारणाने. त्यांच्या वाट्याला त्याचा शनिवार येतो आणि तुमच्या वाट्याला शनिवारी रात्री अकराला सोफ्यावर झोपलेला माणूस.

तर आता वर्षभराच्या कामाचं.

‘तू हो म्हणालीस तरच’ हे वाक्य ऐकायला उदार वाटतं. मला ते आवडलेलं नाही. त्यात निर्णयाचं सगळं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. उद्या काही बिघडलं तर ‘तू हो म्हणाली होतीस’ आणि नाही गेला तर ‘तू नको म्हणालीस’. त्याला सरळ सांगा की परवानगी देणं-घेणं मला नको, आपण दोघं बसून ठरवू. मग बसा आणि तीन गोष्टी विचारा. कुठे जायचंय, किती महिने, आणि आत्ताच का.

‘कुठे’ हे फार महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक आखातातली युद्धनौका उभी राहिली असणार. राखीव दलातल्या इंजिनिअर मंडळींचं काम बऱ्याचदा गोदीत असतं. नौदलाच्या मालकीच्या चार गोद्या आहेत. एक मेनमध्ये, एक वॉशिंग्टन राज्यात, एक हवाईत पर्ल हार्बरला आणि एक तुमच्या अगदी शेजारी, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला. विमानवाहू जहाजं आणि पाणबुड्या दुरुस्तीसाठी तिथे येतात. २०२० मध्ये कोविडमुळे गोद्यांतली माणसं कमी पडली, तेव्हा नौदलाने सोळाशेच्या वर रिझर्व्हवाल्यांना याच चार ठिकाणी बोलावलं होतं. म्हणजे हे वर्ष पोर्ट्समथला निघालं तर तो रोज रात्री घरी जेवायला असेल, आणि तुम्ही इतके दिवस उगाच झोप घालवलीत. बहारीनला निघालं तर गोष्ट निराळी. तुमच्या पत्रात ठिकाणच नाही. त्यालाही अजून कळलं नसेल, तर कळेपर्यंत ‘हो’ही नको आणि ‘नाही’ही नको.

शिवाय हेही लक्षात ठेवा की आत्ता नाव दिलं नाही म्हणून पुढे बोलावणं येणारच नाही असं नाही. देशाला गरज पडली तर रिझर्व्हवाल्यांना त्यांच्या मर्जीविना बोलावता येतं, त्याचसाठी तर दल आहे. त्यामुळे ठिकाण आणि मुदत माहीत असलेलं काम स्वतः निवडणं कधीकधी शहाणपणाचं असतं. त्या हिशेबाने मी तुमच्या जागी असते तर ठिकाण बरं असल्यास हो म्हणाले असते, पण फुकट नाही.

पहिली अट मंडळाची. खजिनदारपद, साउंड, मखर, केंद्रातला शनिवार, सगळं त्याने जाण्याआधी सोडायचं, आणि लेखी सोडायचं. ‘परत आल्यावर बघू’ हे चालणार नाही. रोबोटिक्स मात्र राहू द्या. तिथे तुमची मुलगी असते. बापलेक एका टेबलावर स्क्रू पिळत बसतात, तो वेळ समाजाच्या खात्यात टाकून कशाला कमी करायचा? जाताना ती टीम दुसऱ्या पालकाकडे देईल आणि आल्यावर परत घेईल. बाकीच्या ठिकाणी परतल्यावर पहिले सहा महिने कुठलंही पद नको. वर्षभराने घरी आलेल्या माणसाला घरात स्वतःची जागा पुन्हा शोधावी लागते. औषधाच्या बाटल्या कुठल्या खणात, मुलगा आता कुठली भाजी खातो, गाडी पार्क करण्याची तुमची नवी पद्धत, सगळं बदललेलं असतं. तेव्हा मंडळाने त्याला ओढून नेलं की तो ‘घरात मला कुणी विचारत नाही’ म्हणणार, आणि तुम्ही म्हणणार ‘घरात असतोस कधी?’

आणि हे नीट ऐका. तो निघायच्या आठवड्यात मंडळातलं कुणीतरी तुम्हाला फोन करणार, ‘वहिनी, वर्षभर तेवढं हिशेबाचं तुम्ही बघा ना, तुम्हाला काय, तुम्ही तर आकड्यांत हुशार.’ नाही म्हणायचं. कारण द्यायचं नाही, पोरांची सबब पुढे करायची नाही. ‘नाही जमणार’ इतकंच म्हणायचं आणि हवापाण्याकडे वळायचं.

दुसरी अट तुमच्या कामाची. पत्राच्या शेवटाकडे, कुणाला दिसू नये अशा बेताने, तुम्ही लिहिलंय की वृद्धांच्या औषधोपचारातलं बोर्ड सर्टिफिकेशन तुम्ही ‘यंदा नको, पुढच्या वर्षी’ करत लांबवताय. अमेरिकेत १९९४ चा एक कायदा आहे. रिझर्व्हमधला माणूस बोलावल्यावर गेला, तर मालकाला त्याची नोकरी राखावी लागते. इतकंच नाही, तो गेला नसता तर जी बढती त्याला मिळाली असती त्या जागेवर त्याला परत घ्यावं लागतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेला असेल तर परतल्यावर नोकरीवर रुजू होण्यासाठी अर्ज करायला त्याला ९० दिवस मिळतात. एका मालकाकडे असताना असा एकूण पाच वर्षांपर्यंतचा काळ सहसा धरला जातो. इतका पक्का बंदोबस्त आहे त्याच्या नोकरीचा. तुमची परीक्षा राखायला कुठलाही कायदा नाही, ती घरातच राखावी लागेल. वर्षभराच्या कामाचे जे जास्तीचे पैसे येतील, त्यातून आठवड्याला दोन संध्याकाळी मुलांना सांभाळायला माणूस ठेवा आणि परीक्षेची फी भरून टाका. फी भरलेली असली की माणूस अभ्यास करतो, निदान मराठी माणूस तरी.

आता कागदपत्रं. हा भाग रुक्ष आहे, पण नवरा इंजिनिअर असल्याने त्याला इथे फार उत्साह येईल, त्याचा फायदा घ्या. जाण्याआधी एक शनिवार राखून ठेवा, मंडळाला न विचारता. तुम्ही आणि मुलं नौदलाच्या कुटुंब-नोंदणीत, म्हणजे डीअर्समध्ये, आहात का आणि पत्ते बरोबर आहेत का ते बघा. तीस दिवसांपेक्षा जास्त काळाच्या नेमणुकीचा हुकूम असला की कुटुंबाला ट्रायकेअरचं आरोग्य संरक्षण मिळतं, पण नोंदणीत नाव नसेल तर दवाखान्याच्या खिडकीवर तुम्हीच उभ्या राहाल. मुखत्यारपत्र करून घ्या. घर, गाडी, कर, मुलांची शाळा या सगळ्यांना एकच सर्वसाधारण कागद चालत नाही, कामानुसार वेगळी करावी लागतात. ती नौदलाच्या कायदा सहाय्य कार्यालयात फुकट होतात. मृत्युपत्राचंही तिथेच विचारा. नाव काढायला जीव धजत नाही हे कळतं मला, तरी विचारा. सैनिकी विम्याची कमाल रक्कम मार्च २०२३ पासून पाच लाख डॉलर आहे. त्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते डोळ्यांनी बघा. जुने भरलेले अर्ज खणात तसेच पडून असतात. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाचं व्याज सहा टक्क्यांहून जास्त असेल आणि कर्ज नेमणुकीआधीचं असेल, तर नेमणुकीच्या काळापुरतं, आणि घराच्या कर्जाला त्यानंतरही एक वर्ष, ते सहावर आणून घेता येतं. ते आपोआप होत नाही, बँकेला लिहून कळवावं लागतं.

तुमचा भाग पाण्याचा आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट. सरकारी योजनेतला पुराचा विमा काढल्या दिवशी लागू होत नाही, सहसा तीस दिवस थांबावं लागतं. वादळाची बातमी टीव्हीवर आल्यावर फोन करून उपयोग नसतो. विमा नसेल तर नवरा घरी असतानाच काढून घ्या. आणि घराचा मुख्य पाण्याचा नळ कुठे बंद होतो, जनरेटर कसा चालू करायचा, ब्रेकरच्या पेटीतलं कुठलं बटण कशाचं, हे त्याने तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही करायचं आणि त्याने हात पाठीमागे बांधून बघत राहायचं. त्याला फार जड जाईल.

मुलांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी अकराची आहे म्हणून लिहिते. सहा वर्षांच्या मुलाला वर्ष म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्याकडे एक कॅलेंडर असू द्या, रोज एक चौकोन तो खोडेल. मुलीला मात्र सगळं कळतं आणि ती तुम्हाला सांभाळायला लागेल. तिला धाकटी आई होऊ देऊ नका. फोनच्या वेळा आधीच ठरवा. समजा पर्ल हार्बर निघालं, तर मार्च ते नोव्हेंबर तिथलं घड्याळ तुमच्या सहा तास मागे असतं. मुलं रात्री नऊला झोपायला जातात तेव्हा तिकडे दुपारचे तीन, तो ऐन कामात. म्हणजे झोपताना फोन जमणार नाही. तो पहाटे उठून जहाजावर जायच्या आधी, तुमच्याकडची सकाळची अकरा-साडेअकराची वेळ असेल, आणि तेव्हा मुलं शाळेत. मग उरतात ते वीकेंड. त्यामुळेच तुमच्या घरचा शनिवार त्या वर्षात कुणाला वाटायचा नाही.

अगदीच जड झालं तर मिलिटरी वनसोर्स नावाची सेवा चोवीस तास आहे. रिझर्व्हवाल्याच्या कुटुंबालाही ती मिळते, तो तेव्हा नेमणुकीवर असो वा नसो. समुपदेशन फुकट, एका विषयासाठी बारा भेटींपर्यंत. आणि त्याच्या युनिटमध्ये ऑम्बड्समन कोण आहे त्याचा नंबर घेऊन ठेवा. बहुतेक वेळा हे काम तिथल्याच कुणाची बायको किंवा नवरा स्वेच्छेने करतो. कुटुंबांपर्यंत खरी बातमी पोचवणारं माणूस असावं म्हणून ॲडमिरल झुमवॉल्ट यांनी १९७० मध्ये ही पद्धत आणली. घरी बसलेल्या बाईला काय माहीत नसतं, हे या बाईला नेमकं माहीत असतं.

राहिल्या सासूबाई. त्या साताऱ्याच्या, त्यांना सैन्याचं वावडं असणार नाही. त्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरटी सैनिक देणारं, आणि तिथली माणसं पहिल्या महायुद्धात लढली ती ब्रिटिशांच्या सैन्यातूनच. हे त्यांना ऐकवा असं मात्र मी म्हणत नाही. इतिहासाने सासूचं समाधान झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या ‘दुसऱ्यांच्या’ या शब्दामागे देश कमी आणि मुलगा जास्त आहे. मुलगा तिकडचा झाला, हे नागरिकत्वाच्या कागदाने त्यांना जाणवलं नव्हतं, ते गणवेशातल्या फोटोने जाणवलं. त्याचं उत्तर द्यायचं काम त्याचं, तुमचं नाही. तुम्ही मधे पडून भाषांतर करत बसू नका. त्याने एकट्याने, बायकामुलं जवळ नसताना, आईला फोन करावा आणि आपण हे का करतो ते सांगावं. कदाचित त्यालाही ते त्याच फोनवर नीट सांगता येईल.

पण सासूबाईंच्या प्रश्नाला एक कागदी बाजू आहे आणि ती गंभीर आहे. भारत सरकारच्या नियमाप्रमाणे परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, मिळत नाही. तुमच्या नवऱ्याने कार्ड आधी काढलं असेल आणि मग रिझर्व्हमध्ये गेला असेल, तर गप्प बसून ते वापरत राहू नका. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या दोन्ही बाजू समजणाऱ्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी सल्ला घ्या. कार्ड नसेल तर भारतात जायला साधा व्हिसा, आणि अर्जात सैनिकी सेवेचा प्रश्न असेल तिथे खरं उत्तर. परदेशी जाण्याची माहिती त्याला स्वतःच्या युनिटलाही आधी द्यावी लागते. साताऱ्याचं घर, आईबरोबरचं बँकेतलं संयुक्त खातं, चुलतभावाबरोबरची जमीन, हे नौदलासाठी भरलेल्या सुरक्षा तपासणीच्या अर्जात दाखवलेलं आहे ना, हेही विचारून घ्या. ते असणं हा गुन्हा नाही, लपवणं महागात पडतं. सासूबाईंना अचानक काही झालं आणि रात्रीच्या विमानाने निघावं लागलं, तर त्या वेळी या गोष्टी शोधत बसायला नकोत. हे काम वर्षभराच्या नेमणुकीआधी करा, नंतर नाही.

हे उत्तर त्याला वाचायला द्या. तिखट भाग आधी वाचेल आणि फुरंगटेल, दोन दिवस जाऊ द्या.

ता. क. तुम्ही विचारलंय की मंडळाच्या स्मरणिकेत त्याचा गणवेशातला फोटो छापायचाय, तर चालेल का. फोटो घरात लावायला काहीच हरकत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या कच्च्या पानावर त्या फोटोच्या खालीच एका प्रायोजक रिअल इस्टेट एजंटची जाहिरात आहे. गणवेश व्यापारी जाहिरातीसाठी किंवा राजकीय कार्यक्रमात वापरायला मनाई असते, आणि हे पान बघणाऱ्याला तो त्या एजंटची शिफारस करतोय असंच वाटेल. फोटो वेगळ्या पानावर घ्या, आणि त्याआधी त्याने युनिटमध्ये विचारून घ्यावं. पान आता कुणी बदलायचं हे मात्र मंडळाला ठरवू द्या. तुमच्या नवऱ्याला पानं मांडायचं इनडिझाइन सॉफ्टवेअर येतं हे त्यांना सांगू नका.